वारेचा पडदा : गरोदरपणातील वेदनाशामकांचा इतिहास

प्रसूतीच्या कळा औषधाने शमवाव्यात की नाहीत, हा वाद आधुनिक वैद्यकात पेटला तो एडिंबरोमध्ये, 1847 च्या नोव्हेंबरात, जेव्हा तेथील प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्मची भूल प्रथम वापरली. काहींनी धर्मशास्त्राच्या आधारे आक्षेप घेतले, तर अनेक डॉक्टरांना कळा मंदावल्यास प्रसूतीच अडेल अशी धास्ती वाटत होती. 7 एप्रिल 1853 रोजी लिओपोल्ड या राजपुत्राच्या जन्मावेळी जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियांना रुमालावर थोडे थोडे क्लोरोफॉर्म टाकून सुमारे 53 मिनिटे हुंगवले आणि त्यानंतर या उपायाला प्रतिष्ठा लाभत गेली. या साऱ्या वादात लक्ष मुख्यतः आईवरच होते. तिच्या रक्तातले औषध बाळापर्यंत जाते काय, याचा विचार मोजक्यांनीच केला.

ते जाते, याचा पुरावा 1870 च्या दशकातच मिळाला होता. प्रसूतितज्ज्ञ पॉल झ्वाइफेल यांनी क्लोरोफॉर्म आणि सॅलिसिलिक आम्ल ही दोन्ही द्रव्ये वारेत, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाला पोषण व प्राणवायू पुरवणाऱ्या अवयवात, उतरतात हे दाखवून दिले. त्याच आम्लापासून बनलेले ॲस्पिरिन बायर कंपनीने 1899 मध्ये बाजारात आणले. तरीही वार म्हणजे घातक द्रव्ये अडवणारा पडदा, ही समजूत वैद्यकव्यवहारात दीर्घकाळ टिकली, आणि या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक गोष्ट हीच आहे.

1906 च्या सुमारास फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन व स्कोपोलामिन एकत्र देण्याची ‘संधिनिद्रा’ पद्धत रुजली. तिने वेदना पूर्णपणे थांबत नसत, तिची आठवण तेवढी पुसली जाई, आणि काही बाळे गुंगीत जन्मून त्यांचा श्वास मंदावलेला असे. बाळाची अवस्था मोजण्याची सोपी रीत मात्र 1953 मध्ये, भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगर यांच्यामुळे मिळाली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण देणारी ही मोजणी आईला दिलेल्या भुलेचा परिणाम पडताळण्यासही उपयोगी पडली, आणि भारतातील प्रसूतिगृहांतही ती आज नोंदवली जाते.

तोवर पडदा शाबूत असल्याचा समज पुरता मोडलेला नव्हता. तो मोडला थॅलिडोमाइडने. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत निर्धोक झोपेचे औषध म्हणून विक्रीस आलेल्या आणि गरोदरपणातील मळमळीवरही दिल्या गेलेल्या या गोळीमुळे जगभरात सुमारे 10,000 बालके हातापायांच्या व अन्य व्यंगांसह जन्मली, आणि नोव्हेंबर 1961 मध्ये ती तिथे मागे घेतली गेली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी महिलेने कंपनीच्या दबावापुढे न झुकता पुरावा अपुरा असल्याच्या कारणावरून परवानगी रोखून धरली होती. जे ज्ञान प्रयोगशाळेत कधीचे उपलब्ध होते, ते व्यवहारात येण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागणे अक्षम्य होते.

त्यानंतर औषधांची छाननी बारकाईने होऊ लागली. आयबुप्रोफेनसारखी दाहशामके गर्भाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावून गर्भजल कमी करू शकतात, म्हणून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 20 आठवड्यांनंतर ती टाळण्याचा इशारा दिला. तेच आयबुप्रोफेन दुधात अत्यल्प उतरत असल्याने स्तनदा मातांसाठी बहुधा योग्य मानले जाते. कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते आणि काही स्त्रियांत आनुवंशिकतेमुळे ते फार झपाट्याने होते, म्हणून 2017 मध्ये स्तनपान देणाऱ्या मातांनी कोडीन व ट्रामाडोल घेऊ नये असे सांगण्यात आले. पॅरासिटामॉल हे आजही गरजेपुरत्या मात्रेत आणि कमीत कमी दिवस घेण्याचे पहिले औषध मानले जाते. म्हणून गरोदर वा स्तनदा स्त्रीने दुखणे मुकाट्याने सोसू नये, तसेच दुकानातून गोळी आणून परस्पर घेऊही नये. किती आठवडे झाले आहेत किंवा बाळ अंगावर पीत आहे हे डॉक्टरांना सांगून मगच औषध ठरवावे.