काटा रुतलाय? आधी तो कशाचा आहे ते बघा

पाऊस उघडला की नांदेड-लातूरकडच्या पोरांच्या गाड्या किल्ल्यांकडे वळतात. माहूरचा रामगड, कंधार, उदगीर आणि औशाचे भुईकोट, खरोशाची लेणी. फोटो भारी येतात. घरी आल्यावर मात्र सॉक्समध्ये कुसळं, बुटाच्या तळव्यात सराटे आणि बोटात काहीतरी बारीक टोचत असतं, जे दिसतही नाही.

सगळे काटे सारखे नसतात, त्यामुळे ते काढायची पद्धतही एक नाही. तेव्हा चिमटा हातात घेण्याआधी काटा कशाचा आहे ते ओळखायचं.

सगळ्यात जास्त छळतं ते कुसळ. दिवाळीच्या आसपास माळावरचं कुसळी गवत वाळतं आणि त्याचं बी चालणाऱ्याच्या कपड्यांवर स्वार होतं. या बियाचं टोक सुईसारखं असतं, त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात आणि मागे लांब शेपटी. ही शेपटी कोरडी असताना पीळ घेते आणि ओली झाली की पीळ सोडते. दमट हवेत, घामात हा खेळ चालू राहतो आणि बी स्वतःच स्क्रूसारखं आत शिरत जातं. खरं तर जमिनीत स्वतःला पेरून घेण्यासाठी गवताने केलेली ही सोय आहे, पण तिला माती आणि तुमची पँट यातला फरक कळत नाही. मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीपर्यंत कुसळ पोचतं ते असंच.

म्हणून कुसळाचे कपडे तसेच वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. भिजून, वाळून कुसळं आणखी आत जातात आणि घरातल्या बाकीच्या कपड्यांनाही लागतात. कपडे कोरडे असतानाच उलटे करा. आतून जिथे टोक बाहेर आलंय तिथे ते चिमट्यात धरा आणि ज्या दिशेने ते घुसलंय त्याच दिशेने ओढून काढा. शेपटी धरून मागे खेचलं तर शेपटी हातात येते आणि टोक आतच राहतं. आघाड्याचं बी आणि गोखरूची बोंडं सोपी असतात, जुन्या कंगव्याने खरवडली की निघतात. (चिकटणाऱ्या अशाच एका फळाकडे बघून १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनीअरला वेल्क्रोची कल्पना सुचली. चपलेच्या पट्ट्याला असतं तेच.)

आता निवडुंग. आपल्याकडे या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती येतात. फड्या निवडुंग, म्हणजे पानांसारखी दिसणारी चपटी खोडं आणि लाल बोंडं असलेला, हा खरा कॅक्टस. तो मूळचा अमेरिकेतला. त्रिधारी निवडुंग वेगळ्याच कुळातला, शेराचा भाऊबंद. त्याचा काटा त्रास देतोच, पण खरा धोका असतो तो त्याच्या पांढऱ्या चिकाचा. तो डोळ्यात गेला तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

फड्या निवडुंगाचे मोठे काटे दिसतात, त्यामुळे लोक ते टाळतात. फसवतात ते त्यांच्या बुडाशी असलेले केसांसारखे पिवळसर पुंजके. बोंडं खायच्या नादात नुसता हात लागला तरी शेकडो केस कातडीत बसतात आणि प्रत्येकाला उलटे दाते असतात. अशा वेळी हात चोळू नका, चड्डीला पुसू नका आणि दाताने तर अजिबात काढू नका, कारण ते जिभेत जातात.

या केसांवर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या पद्धती तपासून पाहिल्या. एकट्या पद्धतीत चिमटा सरस ठरला, त्याने ७६ टक्के केस निघाले. साधा पांढरा गोंद आणि जाळीचं कापड वापरून ६३ टक्के निघाले. नुसती चिकटपट्टी फार मागे पडली. त्यामुळे आधी चांगल्या उजेडात चिमट्याने पुंजके उपटायचे. मग फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्यायचा, त्यावर बँडेजची जाळी दाबायची आणि पूर्ण वाळल्यावर सोलून काढायचं. फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद मात्र लावू नका, त्याने केस कातडीलाच पक्के बसतात. कपड्यात हे केस भरले असतील तर हातमोजे घालून चिकटपट्टीने काढा. बनियन किंवा सॉक्स भरला असेल तर तो सरळ फेकून दिलेला बरा.

बाभळीचा किंवा बोराचा काटा रुतला तर साबणाने हात आणि जखम धुवा. सुई-चिमटा स्पिरिटने पुसा आणि काटा घुसला त्याच कोनात बाहेर ओढा. काट्याने काटा काढतात हे म्हणीपुरतं ठीक आहे, पण बाभळीच्या दुसऱ्या काट्याने कोरलं तर मातीतले जंतूच आत जातात. रुईचा चीक लावायची गावाकडची पद्धतही सोडलेली बरी. तो चीक कातडी भाजतो, आणि तोच हात डोळ्याला लागला तर प्रकरण वाढतं.

काटा सांध्यात किंवा तळव्यात खोल मोडला असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला असेल तर घरी कोरत बसू नका. झाडाचा काटा एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसतच नाही, तो सोनोग्राफीत सापडतो. जखम मातीने भरलेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. मधुमेह असलेल्यांनी दुखत नसलं तरी रोज तळवे बघावेत, कारण पाय बधिर असेल तर काटा कळतच नाही. अनवाणी शेतात राबणाऱ्यांमध्ये काट्यावाटे बुरशी किंवा जिवाणू आत जाऊन काही महिन्यांनी, कधी वर्षांनी पाय सुजतो आणि त्यातून दाणेदार पू येतो. मायसेटोमा नावाच्या या आजाराचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. जुन्या काट्याच्या जागी न दुखणारी गाठ वाढत असेल तर ती दाखवून घ्यायला हवी.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गवतात पायाला टोचलं, पण काटा सापडत नाही. 'काटाच असेल' म्हणून माणूस पुढे चालत राहतो. फुरसं आणि मण्यार याच काळात, याच माळांवर असतात आणि मण्यारचा दंश तर अनेकदा दुखतही नाही. काटा दिसत नसेल आणि सूज चढत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, पापण्या जड होत असतील, पोटात दुखत असेल, तर वाट बघू नका. पाय हलवू न देता १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर तिथे मिळणारी एकच लस चालते. त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवायची गरज नाही.

पुढच्या वेळी जाताना लोकरी किंवा सुती सॉक्सऐवजी गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला, तिचं तोंड सॉक्सवरून घट्ट बांधा आणि बॅगेत एक टोकदार चिमटा टाका. मेडिकलमध्ये तो सहज मिळतो.