विंटर टायर उन्हाळ्यात चालवले तर काय होतं?

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना एप्रिल उजाडला की हा प्रश्न पडतोच. टायर बदलायचे, की तसेच चालवायचे? दंड तर होणार नाही ना?

जर्मनीत नाही. बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे आहेत, पण उन्हाळ्यात ते वापरायला बंदी नाही. सुट्टीत इटलीला गाडी नेणार असाल तर मात्र सांभाळा. नोंदणीपत्रात दिलेल्यापेक्षा कमी वेगश्रेणीचे विंटर टायर तिथे १५ मेनंतर चालत नाहीत.

दंड टळला तरी धोका राहतोच. साधारण ७ अंशांखाली समर टायरचं रबर कडक होतं, म्हणून विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात. तापलेल्या डांबरावर ते जास्तच मऊ पडतं. बर्फात पकड देणाऱ्या बारीक चिरांमुळे नक्षीचे तुकडे ब्रेक लागताच डुलतात आणि गाडी काही मीटर पुढे जाऊन थांबते. समोर रस्ता ओलांडणारं मूल असेल, तर तेवढे मीटर पुष्कळ झाले. टायर झिजतातही भराभर.

‘जुने झालेत, उन्हाळ्यात संपवून टाकू’ हा हिशेब तर आणखी वाईट. झिजलेली नक्षी पावसाचं पाणी बाजूला सारू शकत नाही, आणि युरोपातल्या उन्हाळ्यात पाऊस असतोच.

बदलायचे कधी? जर्मन लोक ‘ओ ते ओ’ म्हणतात: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत विंटर टायर.