कानांनी पाहायचं नाटक

धान कापून झालं की आपल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीकडे रात्रभर मंडप भरलेला असतो. पण लेकरू तान्हं असलं, सासू आजारी असली की आपल्यातली एखादी घरीच राहते. अशा बाईच्या चुलीपाशी नाटक आणलं ते रेडिओनं. आज आम्ही रेडिओसाठी काम केलेल्या आपल्या विदर्भातल्या एका नाटककाराची ओळख करून देतो.

त्यांचं नाव पुरुषोत्तम दारव्हेकर. जन्म १९२६ चा. नागपूरकर त्यांना ‘मास्तर’ म्हणत. नागपूरला १९४८ साली आकाशवाणी केंद्र सुरू झालं. पुढे मास्तर आकाशवाणीत काम करू लागले. ‘रंजन कला मंदिर’ या संस्थेतून त्यांनी मुलांची नाटकंही बसवली. आपल्याकडची बोली त्यांना कमी वाटली नाही. त्यांच्या एका नाटकाचं नावच ‘वऱ्हाडी माणसं’ आहे.

रेडिओवरच्या नाटकाला श्रुतिका म्हणतात. तिथं पडदा नाही, दिवे नाहीत, लुगडंही दिसत नाही. बाई विहिरीवरून आली हे कळायला बादलीचा आवाज हवा, नाहीतर कोणीतरी म्हणायला हवं, “अवो वहिनी, दोन दोन गुंड आणले का?” प्रत्येकीचा आवाज वेगळा हवा. नाहीतर कोण बोललं हेच ऐकणाऱ्याला समजत नाही.

मास्तरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. त्यात खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, तेही विदर्भाचेच. दोन गायकींचं भांडण असलेलं हे नाटक डोळ्यांइतकंच कानांचंही आहे. २०१५ साली त्यावर सिनेमा निघाला. मास्तर १९९९ साली गेले, पण ‘कट्यार’ घरोघरी माहीत आहे.

रेडिओचं लिखाण मात्र असं टिकत नाही. रंगभूमीवरचं नाटक पुन्हा पुन्हा होतं, त्याचं पुस्तक निघतं. श्रुतिका एकदा हवेत गेली की बहुतेक वेळा गेलीच. मग ती कोणी लिहिली, हेही लोक विसरतात.

बायांनो, दारूबंदीवर, मोहफुलांवर, लेकीच्या शाळेवर आपणही आता रेडिओसाठी लिहितो, आपल्याच झाडीबोलीत बोलतो. म्हणून आमचं एकच सांगणं आहे. कार्यक्रम झाला की ते कागद चुलीत घालू नका. वर तारीख टाका, लिहिणारीचं नाव टाका आणि गटाच्या पेटीत नोंदवहीशेजारी ठेवा. बचतीचा पैसा आपण जपतो, तसे हे शब्दही जपू.