लाकडी ग्लायडरची पाठशाळा

जमिनीवरून घसरण्यासाठी खाली एक लाकडी पट्टी. तिच्यावर एक उघडी बैठक. डोक्यावर कापडाने मढविलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मीटर भरणारे पंख. मागे लाकडी चौकटीच्या शेवटी शेपटी. इंजिन नाही, चाके नाहीत, वाऱ्याला आडोसा नाही, आणि विशेष म्हणजे दुसरी बैठकही नाही. शिकाऊ मुलगा पहिल्याच दिवशी या बैठकीवर एकटा बसे आणि गुरुजी खाली गवतात उभे राहत. विमान चालविण्यास शिकविण्याची ही रीत ऐकणाऱ्यास अघोरी वाटेल. परंतु १९२६ पासून पुढील दोन दशकांत युरोपातील हजारो मुले याच रीतीने उडावयास शिकली. त्या यंत्राचे नाव ‘त्स्योग्लिंग’. या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी ‘शिष्य’ असा आहे.

या शिष्याचा जन्म एका बंदीच्या पोटी झाला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लढाऊ वायुदल ठेवण्यास मनाई केली. विमाने व त्यांची इंजिने बांधण्यासही काही काळ बंदी आली. बिनइंजिनाच्या विमानाची वाट मात्र मोकळी राहिली. ‘फ्लुगश्पोर्ट’ या विमानविषयक नियतकालिकाचे संपादक ऑस्कर उर्सिनुस यांनी १९२० साली ऱ्होन डोंगरातील वास्सरकुप्पे या ९५० मीटर उंचीच्या बोडक्या माथ्यावर पहिली ग्लायडर-स्पर्धा भरविली. हा माथा त्यांना नवा नव्हता. डार्मश्टाट गावची शाळकरी मुले १९११ पासूनच आपली घरगुती ग्लायडरे तेथे नेऊन उडवीत असत. पहिल्या स्पर्धेत दोन किलोमीटरही कोणी गाठले नाहीत. पण दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, हेन्ट्झेन नावाचा विद्यार्थी ‘व्हँपायर’ या ग्लायडरातून तीन तासांहून अधिक काळ हवेत राहिला. डोंगराच्या उतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर घार जशी पंख न हलविता तरंगते, तसा.

आता प्रश्न आला तो नवशिक्यांचा. ‘व्हँपायर’ नाजूक आणि महाग. तो कोण कोवळ्या पोराच्या हाती देणार? वास्सरकुप्पेवरील शाळेचे मुख्य फ्रिट्झ श्टामर आणि रचनाकार अलेक्झांडर लिपिश यांनी याचे जे उत्तर शोधले, ते मला अभियंत्याइतकेच शिक्षकाचे उत्तर वाटते. त्यांनी मोडणार हे गृहीत धरूनच यंत्र बांधले. हलके लाकूड, प्लायवुड, सुती कापड, पोलादी तारांचे ताण, आणि सांधण्यासाठी त्या काळच्या लाकडी विमानांत रूढ असलेला केसीन सरस, म्हणजे दुधातील प्रथिनापासून केलेला. आदळआपट झाली तर पट्टी मोडावी, चौकट मोडावी, पण मुलगा शाबूत राहावा. मोडलेले पुन्हा जोडण्याचे काम मुलांनीच कार्यशाळेत करावयाचे. रंधा धरावयास न शिकता नुसता दांडा धरावयास मिळत नसे.

दुसरी खुबी याहून सूक्ष्म आहे. उघडी चौकट आणि तारांचे जाळे हवेला फार अडथळा करीत. म्हणून हे यंत्र फारसे तरंगतच नसे. याच घराण्यातील पुढचे ग्लायडर एक मीटर खाली येताना सुमारे दहा मीटर पुढे जाई. आजची उत्तम ग्लायडरे पन्नास मीटरांच्याही पुढे जातात. तज्ज्ञाच्या दृष्टीने हा दोष, परंतु नवशिक्याच्या दृष्टीने हेच संरक्षण होते. मनात आणूनही तो फार दूर किंवा फार वर जाऊ शकत नसे.

शिकविण्याचा क्रम असा. प्रथम यंत्र वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी उभे करावयाचे आणि मुलाने केवळ पंख समतोल ठेवावयाचे. मग जमिनीवरून नुसते घसरावयाचे. मग पुरुषभर उंचीची एक उडी. यंत्राच्या नाकाला जाड रबरी दोर अडकवीत. त्याची दोन टोके धरून चारपाच जण तिरपे दोन बाजूंना उभे राहत आणि आणखी दोघेतिघे शेपटी घट्ट धरून ठेवीत. गुरुजी आज्ञा देत: ताणा! पळा! सोडा! बेचकीतल्या खड्यासारखे यंत्र सुटे. तीस सेकंदांचे सरळ उड्डाण साधले की ‘ए’ पदवी. वळणे घेत साठ सेकंद काढले की ‘बी’. आणि सुटल्या जागेच्या वर पाच मिनिटे तरंगले की ‘सी’. त्या अर्ध्या मिनिटानंतर सर्वांनी मिळून ते यंत्र पुन्हा टेकडीवर ओढून न्यावयाचे. एकाच्या तीस सेकंदांसाठी दहा जणांचा घाम गळे, आणि प्रत्येकाची पाळी येई. चुकलेल्या मुलाला हवेत सावरावयास मात्र कोणी नसे. खालून घातलेली हाक त्याच्या कानी पडेपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन जाई.

त्स्योग्लिंगचा नमुना लवकरच परदेशी गेला. इंग्लंडात तो ‘डॅगलिंग’ नावाने बांधला गेला. खुद्द जर्मनीत १९३८ साली, सायलेशियातील ग्रुनाऊ गावी, एडमंड श्नायडर यांच्या कारखान्यात त्याची सुधारलेली आवृत्ती तयार झाली: ‘एस.जी. ३८’. खालच्या पट्टीला स्प्रिंगा बसविल्या, शेपटी सुधारली. मुलाच्या तोंडासमोरून वर जाणारा एक लाकडी दांडा मात्र राहिला. यंत्र नाकावर आपटले की कपाळ त्याच्यावर! पोरांनी त्याचे नाव ठेवले ‘कवटीफोड्या’. असली आठ-दहा हजार यंत्रे बांधली गेली.

इतकी कशासाठी? येथे ही कथा काळवंडते. १९३३ नंतर नाझी राजवटीने स्वतंत्र ग्लायडर-मंडळे गिळून टाकली आणि १९३७ पासून सारे शिक्षण पक्षाच्या विमानसंघटनेखाली आले. स्वस्त यंत्र, थोडका वेळ, एकट्याने निर्णय घेण्याची सवय, रांगेने दोर ओढण्याची शिस्त: श्टामर-लिपिश यांनी शिष्यासाठी जे जे योजिले, ते ते सैन्यभरती करणाऱ्यालाही हवेच होते. यंत्र निर्दोष, वापरणारा दोषी, असे म्हणून शिक्षकाला मोकळे होता येत नाही, असे मला वाटते. कारण दोर ताणण्याची आज्ञा देणारे गुरुजी पुष्कळदा तेच राहिले होते.

याचे टोक १९४४ मध्ये दिसले. ‘हाइन्केल १६२’ हे जेट लढाऊ विमान घाईघाईने आखले गेले आणि ‘हिटलर युवक’ संघटनेतील मुलांना ग्लायडरवर थोडेसे शिकवून थेट त्यात बसविण्याचा घाट घातला गेला. या जेटचेही पंख लाकडाचेच होते. ६ डिसेंबरला ते प्रथम उडाले आणि १० डिसेंबरला, बड्या अधिकाऱ्यांच्या देखत, सदोष सरसामुळे पंखाचे लाकूड सुटून कोसळले. वैमानिक ठार झाला, आणि तो तर अनुभवी होता. मुलांची पाळी येण्यापूर्वीच युद्ध संपले.

पराभूत जर्मनीत ग्लायडर उडविण्यास १९५१ पर्यंत बंदी होती. ती उठली तेव्हा शिक्षणाची रीत पालटत चालली होती. गुरुजी आता शिष्यासोबत ग्लायडरात बसू लागले. आपल्याकडे १९६१ मध्ये प्रथम उडालेले ‘रोहिणी’ हे भारतीय बनावटीचे लाकडी ग्लायडर याच नव्या रीतीचे: दोन बैठका शेजारी शेजारी, आणि हात चुकला तर सावरणारा दुसरा हात जवळच.

ग्रुनाऊ गाव युद्धानंतर पोलंडात गेले आणि आज ते येझूफ सुदेत्स्की या नावाने ओळखले जाते. श्नायडर ऑस्ट्रेलियात जाऊन तेथे ग्लायडरे बांधू लागले. लिपिश अमेरिकेस गेले. वास्सरकुप्पेवर आता ग्लायडरांचे संग्रहालय आहे. आणि जुन्या विमानांचे शौकीन तेथे अधूनमधून एखादे एस.जी. ३८ गवतावर काढून, रबरी दोर ताणून, अर्ध्या मिनिटासाठी हवेत सोडतात.