मुदत संपणारे सरकारी खाते : टेक्सासच्या तंत्रज्ञान विभागाची कथा

१/८
सरकारी खाते एकदा स्थापन झाले की सहसा बंद होत नाही. प्रयोजन सरले तरी खुर्च्या, फायली आणि अंदाजपत्रक उरतेच. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९७७ मध्ये या प्रवृत्तीला कायद्याने आळा घातला. त्या कायद्याचे नाव ‘सनसेट ॲक्ट’, अर्थात सूर्यास्ताचा कायदा.

२/८
बहुतेक खात्यांच्या मूळ कायद्यातच समाप्तीची तारीख लिहिलेली असते. साधारणतः दर १२ वर्षांनी ती येते. त्यापूर्वी १२ सदस्यांचा आयोग (५ सिनेटर, ५ प्रतिनिधी, २ नागरिक) एकच मूलभूत प्रश्न विचारतो : या खात्याची अजून गरज आहे काय?

३/८
विधिमंडळाने नवा कायदा केला नाही, तर खाते संपुष्टात येते. आवराआवरीस केवळ एक वर्ष मिळते. त्यातच टेक्सासचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, फार तर १४० दिवस चालते. संधी हुकणे म्हणूनच महागात पडते.

४/८
१९८९ मध्ये स्थापन झालेल्या माहिती संसाधन विभागालाही हाच नियम लागू झाला. राज्याचे तंत्रज्ञान-धोरण ठरवणे आणि सर्व खात्यांसाठी सामायिक खरेदी-करार करणे, ही त्याची मुख्य कामे.

५/८
२००६ मध्ये या विभागाने अनेक खात्यांचे संगणक-सर्व्हर एकत्र आणण्यासाठी आयबीएमशी ७ वर्षांचा, सुमारे ८६ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. पुढे बॅकअप नीट न घेतल्यामुळे महाधिवक्ता कार्यालयाच्या काही नोंदी नष्ट झाल्याचे उघड झाले. २००८ मध्ये गव्हर्नर रिक पेरी यांनी स्थलांतर थांबवले.

६/८
या पार्श्वभूमीवर २०११ मध्ये विभागाच्या मुदतवाढीचे विधेयक विधिमंडळात संमत झाले. पण पेरी यांनी नकाराधिकार वापरला. नियमित अधिवेशन तोवर संपले होते. अखेर विशेष अधिवेशनात, एका मोठ्या वित्तीय विधेयकाच्या पोटात, विभागाला अवघी दोन वर्षे मिळाली.

७/८
त्या दोन वर्षांत सर्व्हरचे काम नव्या कंपन्यांकडे गेले, विभागाची फेरतपासणी झाली आणि २०१३ च्या कायद्याने त्याला २०२५ पर्यंत आयुष्य दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये वीसहून अधिक स्थानिक संस्थांवर एकाच वेळी रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा राज्याच्या प्रतिसादाचे नेतृत्व याच विभागाने केले. २०११ चा पेच सुटला नसता, तर ही जबाबदारी कोणी पेलली असती?

८/८
२०२५ मध्ये पुन्हा तपासणीची वेळ आली. त्याच वर्षी विधिमंडळाने सायबर सुरक्षेसाठी ‘टेक्सास सायबर कमांड’ ही स्वतंत्र संस्था उभारली. समाप्तीच्या तारखेमुळे खाती क्वचितच मरतात. मात्र त्यांना आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागतो. या पद्धतीचा धोकाही तितकाच खरा आहे : लक्षावधी नोंदींची राखण करणाऱ्या विभागाचे भवितव्य कधी कधी एका स्वाक्षरीवर अवलंबून राहते.