यकृताची भीति व बुरशींतलें औषध

रक्तांतील कोलेस्टेरॉल केवळ तूप-लोण्यांतूनच येतें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचा मोठा भाग शरीरच घडवितें, आणि त्या कामांत यकृताचा वांटा मोठा. तेव्हां कोलेस्टेरॉल कमी करूं पाहणाऱ्या औषधाला प्रथम यकृतावरच अंमल बसवावा लागतो. त्या औषधाच्या इतिहासांत यकृताची भीति आरंभापासून सोबतीला राहिली, ती यामुळेंच.

१९७१ सालीं टोकियोंतील सान्क्यो कंपनींत अकिरा एन्दो यांनीं शोधास आरंभ केला. प्रतिस्पर्धी जंतूंचा नाश करण्यासाठीं एखादी बुरशी अशा घडणीला अडविणारें द्रव्य निर्माण करीत असावी, असा त्यांचा तर्क होता. सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासल्यानंतर, १९७३ सालीं, क्योतोच्या एका धान्यदुकानांतील तांदळावर वाढलेल्या बुरशींत तें सांपडलें. त्यास कॉम्पॅक्टिन हें नांव मिळालें.

परंतु उंदरांना त्याचा गुण येईना. कोंबड्यांना मात्र आला. पुढें १९७७ सालीं, प्रचंड मात्रा दिलेल्या उंदरांच्या यकृतपेशींत सूक्ष्म स्फटिक दिसले आणि सारें कार्यच थांबण्याची वेळ आली. तें संकट टळलें. पण १९८० सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांत अर्बुदाचा संशय येतांच कंपनीनें कॉम्पॅक्टिन सोडून दिलें.

त्याच जातीचें लोव्हास्टॅटिन मर्क कंपनीनें पुढें आणलें. १९८७ सालीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली, ती यकृताची वारंवार तपासणी करण्याच्या सूचनेसह. १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ हृद्रोग्यांवरील चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूंचें प्रमाण ३० टक्क्यांनीं कमी भरलें. तरीही ती भीति हटली नाहीं.

अखेर २०१२ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें नेमानें करावयाच्या तपासणीची सूचना काढून टाकली. यकृतास गंभीर इजा क्वचितच होते, आणि ठराविक मुदतीच्या तपासणीनें ती आधीं कळतही नाहीं, असें अनुभवास आलें होतें. औषध सुरू करण्यापूर्वीं एकदां व पुढें लक्षणें दिसल्यास तपासणी करावी, एवढेंच उरलें. यकृत निकामी झालेल्यांस मात्र तें आजही वर्ज्य आहे.

एन्दो २०२४ सालीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, निवर्तले. त्यांच्या शोधाची कथा एवढें सांगते, कीं भीति खोटी नव्हती, पण तिचें माप चुकलें होतें. नुसत्या धास्तीनें गोळी टाकणारा आणि डोळ्यांची पिवळी झांक दिसूनही वैद्याकडे न जाणारा, हे दोघेही सारखेच चुकतात.