तबल्याची शाई

जन्मभर शाळेत शिकवले, त्यामुळे शाई म्हटले की मला दौतच आठवते. पण तबल्याच्या मधोमध जो काळा गोल असतो त्यालाही शाईच म्हणतात. आज त्या शाईबद्दल आणि ती भरणाऱ्या एका घराबद्दल लिहितो.

१५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्यानंतरच्या बातम्यांत एक मराठी नाव वाचले: हरिदास व्हटकर. १९९८ पासून ते उस्तादांचे तबले बनवत होते. मूळचे मिरजेचे. आजोबा, वडील आणि हे, अशी तबला बनवणारी तिसरी पिढी. १९९४ साली ते मुंबईला गेले आणि पुढे कांजूरमार्गला त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला. कारखाना कसला, घरचीच माणसे आणि हातची हत्यारे!

मिरज आम्हा माढेकरांना परकी नाही. आमच्या तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे मिरजेला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी जायची. तिचा फाटा १९२७ साली मिरजेपर्यंत पोचला. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथे एकोणिसाव्या शतकातच सतारी-तंबोरे करू लागले होते. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबरही तिथल्या दर्ग्यात आहे. जिथे गाणारे आले तिथे तबले आले, आणि तबले आले की पुडी बदलणारा माणूस लागतोच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता ही शाई कशी भरतात? खोडावर बकऱ्याच्या कातड्याची पुडी बसवायची, वाद्यांनी ताणायची. मग लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा काळा लगदा थोडा थोडा लावायचा आणि प्रत्येक थर दगडाने घोटायचा. घोटता घोटता शाईला बारीक भेगा पडतात. त्या पडायलाच हव्यात, नाहीतर कातडे मोकळे थरथरत नाही. थर कुठे थांबवायचा हे कान सांगतो.

साध्या ढोलाच्या नादात सुरेल मेळ नसतो, तबला-मृदंगाच्या नादात असतो, आणि तो या शाईमुळे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये याविषयी लिहिले. त्यांच्या कितीतरी पिढ्या आधी ही गोष्ट कारागिरांच्या बोटांना कळली होती. पण त्या कारागिरांची नावे कुठे आहेत?

लहानपणीची एक गोष्ट सांगतो. आषाढी जवळ आली की आमच्या भजनातल्या मृदंगाला पुडी चढवायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसून काम करायचे. काम झाले की मृदंग आत जायचा, ते घरी जायचे. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली पंढरपूरचा विठोबा सर्वांसाठी मोकळा झाला होता, हे पुढे मी वर्गात किती वेळा शिकवले! पण कातड्याला हात लावणारा माणूस पायरीवरच का बसतो, हे मी तेव्हा विचारले नाही. त्यांचे नावही मला ठाऊक नाही. रोज हजेरी घेणाऱ्या मास्तराला याची लाज वाटायला हवी, आणि वाटते.

तमिळनाडूत मृदंग बनवणाऱ्या कुटुंबांचा इतिहास टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या पुस्तकात लिहिला. २०२० साली त्याच्या प्रकाशनासाठी आधी दिलेले सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्राने ऐनवेळी नाकारले. कातडे कुणाचे आणि ते कुणी कमावले, हे उघड बोललेले अजून रुचत नाही, हेच खरे.

व्हटकरांचे नाव आपल्याला कळले ते उस्ताद जगप्रसिद्ध होते म्हणून. आपल्या गावच्या भजनी मंडळाचा मृदंग कुणी मढवला, ते कुठल्या वहीत आहे?

असो. तुमच्याकडे असे एखादे नाव असेल तर जरूर कळवा. निदान या शाईने त्या शाईचे एवढे तरी देणे फेडावे.